उन्हात ओढलेला रोल

बाईने कॅमेऱ्याचा पट्टा धरून असा हिसका दिला, की म्हातारा घसरगुंडीच्या शिडीवरच आपटला.

"माझ्या मुलीचा फोटो काढलास ना? डिलीट कर आधी!"

"यात डिलीट होत नाही हो. रोलचा कॅमेरा आहे."

"आम्हाला शेंड्या लावतोस?" बागेत पळायला आलेल्या एका बूटवाल्याने कॅमेरा घेऊन उलटसुलट केला. मागे नुसतं काळं झाकण. "स्क्रीन कुठंय याची?"

आता काय सांगायचं, कपाळ? चाळीस वर्षं म्हातारा हेच करत आला होता. पोटासाठी लग्नं, आणि हौसेसाठी रस्त्यावरची पोरं. विचारून फोटो कधी काढायचा नाही. विचारलं की पोरं कडू औषध पाजल्यासारखी ताठ उभी राहतात, म्हणायचा. मग फोटो धुऊन पोराच्या आईच्या हातात नेऊन द्यायचा, फुकट. निम्म्या वस्तीच्या भिंतींवर त्याचे फोटो होते. पण त्या आयांच्या आता आज्या झाल्या होत्या, आणि नव्या आयांना हा कोण हे सांगणार कोण? "बाबा, दिवस बदललेत, विचारत जा," असं लेक रोज कानीकपाळी ओरडायची. ऐकेल तो म्हातारा कसला!

गर्दी जमली. चार-पाच फोन वर झाले. जिचा फोटो काढला होता ती मुलगी आईच्या मागे लपून हुंदके द्यायला लागली, आणि म्हाताऱ्याला ते मात्र बघवेना. त्याने कॅमेरा मागून घेतला, झाकण उघडलं आणि रोल सरसर ओढून भर उन्हात धरला.

"घ्या. ऊन लागलं, संपलं. आता यात कुणाचंच काही राहिलं नाही."

त्या रोलवर पहिले नऊ फोटो त्याच्या नातीचे होते. पुढचे दोन दात पडले, त्या दिवशीचे. ते काही तो बोलला नाही.

त्याला वाटलं, मिटलं. मग बूटवाला ओरडला, "अहो, पुरावा नष्ट केला याने! आपल्या डोळ्यांदेखत!"

करायला गेला एक आणि झालं भलतंच.

तो घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. लेक स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती.

"रोल ओढलात कशाला, बाबा? धुऊन दाखवला असता, तर तोंडं बंद झाली असती सगळ्यांची."

"ती पोरगी रडत होती गं."

"आता लोक म्हणतात, काहीतरी होतं म्हणूनच ओढला."

"आणि तू?"

"काहीतरीच काय विचारता! बसा, पाणी घ्या."

तिने ग्लास पुढे केला आणि त्याच्याकडे अगदी सरळ बघितलं. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. बाहेर कुणी काय वाटेल ते कोकलो, घर आपलं होतं.

तेवढ्यात नात धावत आली.

"आजोबा, माझ्या दातांचे फोटो आले?"

"बिघडले गं, सोने. पुन्हा काढू. दात कुठं लगेच यायला बसलेत!"

ती त्याचं बोट धरून त्याला त्याच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी स्टूल ओढलं, आणि नेहमीसारखी दार लावायला वळली. दार लावलं की फक्त खिडकीचा उजेड तोंडावर येतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

"राहू दे गं दार उघडं," स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला.

मग थोडं थांबून, "उकडतंय."

तसं काही उकडत नव्हतं. म्हाताऱ्याने दारातून बघितलं. लेक पाठमोरी उभी राहून धुतलेलाच ग्लास पुन्हा विसळत होती.

"आजोबा, उजेड?"

"रोल संपलेत," तो म्हणाला.

खणात तीन कोरे रोल होते, आणि नातीला ते ठाऊक होतं. त्याने कॅमेरा त्यांच्या शेजारी ठेवून खण लावला, आणि बाहेरच्या खोलीत, ओट्यावरून दिसेल अशा खुर्चीत जाऊन बसला.