उजव्या बाजूची गाठ

बाळ झोपलंय तोवर लिहून घेते.

आमचं इस्त्रीचं दुकान. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींची दोन टेबलं, मागे पडदा आणि पडद्याआड माझ्या तान्ह्याचा पाळणा. धाकटीचा पाळणा माळ्यावर टाकलाय. तिची मुलगी जन्मली आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत गेली.

दूध मात्र यायचं ते आलंच. मग तिच्या उजव्या छातीवर लाल चट्टा उठला, आत टणक गाठ. इस्त्रीची धग बघतो तसा मी पालथा हात जवळ नेला. टेकायच्या आधीच चटका जाणवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध साचून सूज आलीय. अजून तेवढ्याच जागी आहे, पण पू धरला तर चिरावं लागेल, अंगात भिनलं तर जिवावर बेतेल. गोळ्या घ्या, दूध काढत राहा. आणि बाळाला आधी याच बाजूला पाजा."

बटणं लावत धाकटी म्हणाली, "पाजलं असतं हो."

रोज विचारलं की "घेतली गं गोळी" म्हणायची. ताप काही उतरेना. काल तिचा एप्रन इस्त्रीला घेतला, तर इस्त्री खिशावर अडखळली. आत गोळ्यांचं पाकीट. एकही फोडलेली नव्हती.

"वेडी आहेस का? मरायचंय?"

"ओरडू नकोस ताई, गिऱ्हाइकं पळतील. आधीच तुझ्या इस्त्रीला भिऊन पळतात." हसायला गेली आणि ओठच वाकडे झाले. "तिचं एवढंच उरलंय गं माझ्याकडे. हे दुखायचं थांबलं की काय राहिलं?"

मी इस्त्री बाजूला ठेवली.

"तिला नीट पाहिलंयस फक्त तू," मी म्हटलं. "मी तर तोंडसुद्धा धड पाहिलं नाही. तूच गेलीस तर मला कोण सांगणार, कशी होती ते?"

तिने पाकिटातली एक गोळी फोडली. मग म्हणाली, "नाक माझ्यासारखं होतं. बसकं." आणि गोळी गिळली.

मी वाटी धरली. ती हळूहळू दाबत होती, डोळ्यांतून पाणी, पण दूध जेमतेम थेंबभर. तेवढ्यात पडद्याआड माझा मुलगा रडायला लागला. न दाबताच तिच्या दुधाची धार लागली, वाटीत, माझ्या मनगटावर.

"या दुधाला अजून कळलंच नाही, ताई," ती म्हणाली. "जा, घे त्याला. पडदा ओढून घे."