कालची मोकळी जागा

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीच्या झाकणाला आतून लटकलेला वाफेचा थेंब... तिने बशी किंचित कलती केली, थेंब कडेला घरंगळला, आणि सूक्ष्मदर्शकात पेशी दिसल्या — खांद्याला खांदा लावून, एकाच अंगावर निजलेल्या, विंचरलेल्या केसांसारख्या. काल मधे मधे मोकळं होतं. कालच त्यांना सोडवून दोन बश्यांत वाटायला हवं होतं. दाटी झाली की मूलपेशी आपलं मूळ विसरतात, नुसता वण होऊन बसतात, असं शिकाऊ मुलींना दटावण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. पण सोडवायचं म्हणजे ते औषध घालून चिकटलेल्या इवल्या जिवांना तळापासून उचकटायचं... छकुलीच्या मानेवरची पट्टी उचकटताना ती कशी — नको. उद्या करू, म्हणून तिने बशी ठेवून उबेच्या पेटीचं दार लावून टाकलं होतं.

आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, हा इथला नियम. तो वाकवला प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी. तुझा हात हलका आहे, लेकीचं तूच कर, म्हणाल्या होत्या. छकुलीच्याच भाजल्याच्या वणाशेजारच्या धड कातडीतून तांदळाएवढा तुकडा काढलेला. त्यातल्या पेशी वाढवून मऊ कातडी करायची, म्हणजे आखडलेली मान सुटेल. आज सकाळीही, मान वळत नाही म्हणून अख्खी वळून, छकुलीने विचारलं होतं, "माझी पिल्लं जेवली का गं?"

जेवली. जास्तच जेवली.

आता बाईंना सांगितलं तर छकुलीला पुन्हा तुकडा, पुन्हा सुई. नाही सांगितलं तर वणावर वणच बसायचा, कदाचित... कदाचित नाहीही. छकुली भाजली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलांचं होतंच गं असं. एवढंच. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर! पातेलं कलंडलं तेव्हा मी फोनवर हसत होते — कशाला हसत होते, तेही आठवत नाही.

आणि काल? काल काय पेशींना दुखणार होतं? की दुखवणारा हात पुन्हा आपला नको, एवढंच होतं ते?

मागे चपलांचा आवाज आला.

"काय म्हणतात आपले पाहुणे?" बाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता पलीकडच्या टेबलावरची कागदपत्रं चाळू लागल्या.

सकाळपासून तिला वाटत होतं, बाईंनी काही विचारू नये. आता मात्र त्या पुढे काहीच न विचारता निघून जातील, याचीच तिला भीती वाटू लागली.