दादा स्क्रीनवरून उठेनात

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बोरीवलीतल्या आमच्या शुभानन सोसायटीच्या ऑफिसातून निघालेली रांग पंपरूमला वळसा घालून, वॉचमनच्या केबिनसमोरून गेटबाहेर पडली होती. मी वाढवून सांगत नाही, तो माझा स्वभावच नाही. पण रांगेचं शेपूट नॅशनल पार्कात पोचलं होतं आणि तिथे एक बिबट्या ‘तुमच्यामागे मी आहे हं’ असं पुढच्या बाईंना सांगून पाणी प्यायला गेला होता.

ऑफिसच्या टेबलावर सोसायटीचा कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार. पुढे नारळांचा ढीग. आणि स्क्रीनवर, सूर्यफुलांच्या शेताच्या डाव्या अंगाला, आमचे संस्थापक चेअरमन देवव्रत कारखानीस! टक्कल, चष्मा आणि मिशी. मिशीच्या खाली काही नाही, थेट सूर्यफुलं.

दादांना जाऊन चौदा दिवस झाले होते. एकतीस वर्षं ते चेअरमन. दर वार्षिक सभेत म्हणायचे, ‘आता नव्या रक्ताने पुढे यावं’, आणि नवं रक्त उभं राहिलं की त्याला खाली बसवायचे. सेक्रेटरी चंद्रप्रकाशने शनिवारी शोकसभेच्या नोटिशीसाठी त्यांचा फोटो उघडला. नोटीस छापली, फोटो बंद केला, नोटीस बंद केली. सगळं बंद झालं. दादा झाले नाहीत.

“हँग झाला असेल रे,” मी म्हणालो.

“काय काका! हँग असता तर घड्याळ चाललं असतं?” चंद्रप्रकाशने स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “बघा, दहा एकतीस. थांबा... दहा बत्तीस! काळ चालतोय, दादा थांबलेत!”

रांगेतून ‘अहाहा’ अशी लाट उठली ती गेटपर्यंत गेली. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. हा माणूस माझ्याबरोबर तीस वर्षं कॅरम खेळला आणि एकदाही हरला असं कबूल केलं नाही. तो मरणालाही ‘हा डाव धरायचा नाही’ म्हणाला असेल, असं मला क्षणभर वाटून गेलं.

माणिकनाथ महाराज तर शनिवारी संध्याकाळीच आले होते. कांदिवलीहून, रिक्षाने. रेशमी झब्बा, कपाळभर भस्म, काखेत भगवी झोळी आणि गळ्यातल्या रुद्राक्षांच्या मधेमधे चार पेन ड्राइव्ह. हे कशाला, विचारलं तर म्हणाले, “एकेका युगाचा बॅकअप आहे.”

महाराजांनी येताक्षणी माउसवर हळदकुंकू वाहिलं, त्याला लाल दोरा बांधला आणि नियम सांगितला: कॉम्प्युटर बंद करायचा नाही, माउसला हात लावायचा नाही, एकही विंडो उघडायची नाही. अकरा दिवस. शेजारची रिकामी खोली महाराजांना साधनेला द्यायची.

“शरीर म्हणजे हार्डवेअर!” महाराज आताही डोळे मिटून गरजले. “हार्डवेअर स्मशानात, सॉफ्टवेअर आसमानात! मधे अडकला तो डिस्प्ले! विचारा, भक्तहो, दादांना विचारा. बाण उजवीकडे गेला तर हो, डावीकडे गेला तर नाही.”

जयंतीबेन पुढे सरसावल्या. “दादा, माझ्या बाथरूममधे जे पाणी गळतं, ते वरच्या नंदाच्या घरातूनच ना?”

आणि काय सांगू! माउस दोरा बांधून टेबलावर निपचित, कोणाचा हात नाही, आणि स्क्रीनवरचा बाण थरथरला, हळूच सरकला आणि उजव्या कडेला जाऊन उभा राहिला.

“हो म्हणाले! हो म्हणाले!”

“आत्मा पक्षपाती आहे!” रांगेत सतराव्या नंबरवरून नंदा ओरडली. “जिवंतपणी मला प्लंबर पाठवला नाही, आता मेल्यावर माझं नाव घेतोय होय!”

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर दादांच्या पत्नी, वसुधावहिनी, बसून होत्या. दोन दिवस त्या तिथून उठल्या नव्हत्या. दिवे गेले तर आत्मा भटकेल, असं महाराजांनी सांगितल्यापासून त्या कॉम्प्युटरच्या बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवून पहारा देत होत्या. जेवायला बोलावलं तर म्हणत, “तुम्ही व्हा पुढे.” या एका गोष्टीची मला तेव्हाही मजा वाटली नाही.

तेवढ्यात रांग मोडून दोघी आत आल्या. पुढे माधुरी, ए विंगची. अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर विंडो कशा रंगवायच्या, याच प्रोग्रॅमवर काम करते. तिच्यामागे आमच्या चार घरी स्वयंपाक करणारी चंपा, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून, हातात ओळखपत्र.

“चंद्रप्रकाशकाका, खुर्ची द्या. चंपाताईची परीक्षा आहे साडेबाराला.”

शाळांना जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात देखरेखीला बाई हवी होती. रोजचे पदार्थ कॉम्प्युटरवर भरता यायला हवेत, म्हणून परीक्षा. माधुरीने चार महिने रोज संध्याकाळी चंपाला याच कॉम्प्युटरवर शिकवलं होतं. परीक्षेचा प्रोग्रॅमही याच कॉम्प्युटरच्या नावाने नोंदवलेला; मोबाईलवर चालत नव्हता, दुसऱ्या मशीनवर उघडत नव्हता. साडेबारा म्हणजे साडेबारा. हुकली की हुकली.

“बेटी,” महाराज मधाळ आवाजात म्हणाले, “परीक्षा येतात आणि जातात. आत्मा एकदाच येतो.”

“माझी पण एकदाच येते, महाराज,” चंपा म्हणाली. “बेचाळीस वर्षांची झाले मी. पुढच्या वेळी वयाची अट असणार.”

“अगं, पण परीक्षेची विंडो पूर्ण स्क्रीन भरून उघडणार!” चंद्रप्रकाश कळवळला. “दादा जातील!”

“थोडं समजून घे ना, चंपा,” जयंतीबेन म्हणाल्या. “स्वयंपाकाला तर तू आमच्याकडे आहेसच.”

 चंपाने ओळखपत्र नुसतं मुठीत दाबलं. माधुरीच्या नाकपुड्या फुगल्या, पण आवाज मऊच होता. “बरं, दादांनाच विचारूया. दादा, चंपाताईने परीक्षा द्यावी ना?”

बाण थरथरला आणि सुळकन डावीकडे गेला. नाही!

“झालं समाधान?” महाराज म्हणाले.

“अजून एकदा विचारते. फक्त या वेळी तुम्ही दोन्ही हात वर करा.”

“हात वर केले तर नाडी तुटेल.”

“कोणाची?”

“ब्रह्मांडाची!”

“एक हात वर केला तर चालेल का हो?” मी मधेच विचारलं. “अर्धं ब्रह्मांड तरी शाबूत राहील.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पहिलं हसू ते. आणि त्या क्षणी टेबलाखालून चंपाचा आवाज आला. ती कधी खाली वाकली ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“मॅडम, हे मागे काय लावलंय? शुक्रवारी नव्हतं. नखाएवढं आहे.”

माधुरीने तिच्याकडून पहिल्या आठवड्यात मशीनच्या मागच्या सगळ्या जोडण्या पाठ करून घेतल्या होत्या. कुठली वायर कुठे. म्हणून फक्त तिलाच कळलं की एक पाहुणा जास्त आहे.

“काढ ते. आणि महाराज, आता हलवा बाण.”

चंपाने ते नख उपटलं. महाराजांची झोळी आतून वळवळली, जशी काय आत घूस शिरली होती. बाण हलला नाही. चंद्रप्रकाशने झोळीत हात घातला आणि बाहेर काढला एक बिनवायरचा माउस, भस्माने माखलेला. ते नख म्हणजे त्याचाच रिसीव्हर.

“हा... हा सूक्ष्म माउस आहे,” महाराज म्हणाले.

“म्हणजे माझ्या घरातून गळत नाही!” नंदा सतराव्या नंबरवरून नाचायलाच लागली.

“ते अजून सिद्ध नाही झालं,” जयंतीबेन म्हणाल्या.

पण वसुधावहिनी हसल्या नाहीत. त्या उठून टेबलापाशी आल्या. “माधुरी, बाणाचं जाऊ दे. हा माणूस लबाड आहे, ते कळलं. पण हे इथे का आहेत? यांना तर याने नाही आणलं. हा यायच्या आधीपासून आहेत.”

 खरा प्रश्न तोच होता. महाराजांचा चेहरा पुन्हा उजळायला लागला.

घड्याळात बाराला पाच कमी होते. माधुरीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः उकिडवी बसली.

“वहिनी, आपल्या सोसायटीत रंगकाम कसं होतं?”

“ज्याचा अर्ज येईल त्याची भिंत रंगवतात. सगळी इमारत कोण रंगवतो रोज?”

“बरोब्बर. कॉम्प्युटरमधेही असाच एक रंगारी असतो. आमच्याकडे त्याला कंपोझिटर म्हणतात. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं चित्र आपल्या वेगळ्या कागदावर काढतो: फोटो एका कागदावर, नोटीस दुसऱ्या, घड्याळ तिसऱ्या. रंगारी ते कागद एकावर एक ठेवतो आणि वरून जे दिसतं ते स्क्रीनवर रंगवतो. सेकंदाला साठ वेळा तो विचारतो, काही बदललं का? पण साठ वेळा सगळी स्क्रीन रंगवत बसला तर मशीन तापून मरेल. म्हणून ज्या चौकोनातून चिठ्ठी येते, ‘इथे बदललंय’, तेवढाच चौकोन तो रंगवतो. बाकीचं जुनं तसंच.”

“आणि घड्याळ?” चंद्रप्रकाशने विचारलं.

“घड्याळ दर मिनिटाला चिठ्ठी पाठवतं. म्हणून ते चालतंय. नोटीस फोटोनंतर बंद झाली, तिचीही चिठ्ठी गेली. ती दादांच्या मिशीखालच्या भागावर उघडलेली होती ना? म्हणून तिथे सूर्यफुलं आली. पण हा फोटो दाखवणारा प्रोग्रॅम जुना आहे, त्यात खोट आहे. बंद होताना तो चिठ्ठी पाठवतच नाही. रंगाऱ्याला वाटतं, तिथे काही बदललंच नाही. भिंतीवर जुना रंग राहिलाय, वहिनी. एवढंच.”

“हे पुस्तकी झालं!” महाराज ओरडले. “प्रमाण काय?”

“दाखवते. वहिनी, दोरा तोडू? दादांच्या बाजूला हात नाही लावणार.”

 वहिनींनी होकाराची मान हलवली. दोरा तुटला. ‘अनर्थ! अनर्थ!’ म्हणत महाराजांनी कान झाकले. काही झालं नाही, फक्त एक नारळ घरंगळला.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटो कसले असणार? गळतीचे आणि कचऱ्याचे. माधुरीने स्क्रीनच्या उजव्या बाजूला एक फोटो उघडला: डी विंगचा ओल्या कचऱ्याचा डबा, वर केळीची साल. आणि बंद केला.

डबा तिथेच. डावीकडे दादा, उजवीकडे ओला कचरा, मधे सूर्यफुलं. घड्याळात बारा नऊ, बारा दहा.

जयंतीबेनचे हात सवयीने जोडले गेले होते, ते त्यांनी घाईने पदराला पुसले.

“बोला महाराज,” माधुरी म्हणाली, “या डब्याचा आत्मा कुठे अडकलाय?”

मग जे हसू फुटलं ते रांगेतून फुटत फुटत गेटपर्यंत गेलं. पुढच्याला काय झालं ते मागच्याला माहीत नव्हतं, तरी मागचे जास्त हसत होते. माझ्या माहितीप्रमाणे बिबट्याला उचकी लागली.

हसता हसता माझी नजर वहिनींवर गेली. त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे नाहीत ते इथे,” त्या म्हणाल्या.

“नाहीत, वहिनी. पण फोटो कुठे गेला नाही हं. हा बघा, फाईल जशीच्या तशी आहे. आत्ता प्रिंट काढून देते.”

“पुसायचं कसं हे?”

“एक छोटी विंडो घ्यायची आणि वरून फिरवायची. ती जिथून सरकते तिथली चिठ्ठी बरोबर जाते.” माधुरीने कॅल्क्युलेटर उघडला. “मी करू?”

“नको. मी करते.”

वहिनींनी माउस हातात घेतला. हळूहळू कॅल्क्युलेटर सरकला. आधी मिशी गेली. मग चष्म्याचं एक भिंग, मग दुसरं. टकलापाशी त्या थांबल्या. “एकतीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “मी याच दारात उभी राहून ओरडायचे, देवव्रत, ऊठ, वरण गार झालं. एकदा ऐकलं असेल तर शपथ.” आणि ओल्या डोळ्यांनी हसत त्यांनी शेवटचा फटकारा मारला. सूर्यफुलं लख्ख झाली. “चंपा, बस गं. वेळ होतेय तुझी.”

महाराज दाराकडे सरकत होते, पण रांग चाळीस माणसांची होती आणि कोणी वाट देईना. चंद्रप्रकाशने पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, हे त्याला त्याच दिवशी कळलं. बरं झालं, कळलं.

साडेबाराला स्क्रीन पांढरी झाली आणि वर चंपाचं नाव आलं. पाऊण तास ऑफिसबाहेर कोणी शिंकलं नाही. एकविसाव्या मिनिटाला तिने मान वर केली, छताकडे बघितलं, ओठ हलवले आणि पुन्हा लिहायला लागली. बाहेर आली तेव्हा ड्रेस घामाने पाठीला चिकटला होता. “दोन प्रश्न सुटले नाहीत,” ती म्हणाली. “बाकीचे माझे मी सोडवले.” पुढच्या महिन्यापासून आमच्या चार घरांना दुसरी बाई शोधावी लागली.

मित्रहो, अजब दिसलं तर अजब वाटू द्या; त्यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही वाटलं होतं. पण कोणी म्हणालं, ‘हात लावायचा नाही’, तर विचारा, का? आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. दुसरं म्हणजे, हात जोडायच्या आधी जरा आजूबाजूला बघा, की या सगळ्यात कोणाची परीक्षा, कोणाचं औषध, कोणाचं जेवण खोळंबलंय. खोळंबलं असेल, तर आधी त्या माणसाला वाट करून द्या.