कोंडेशेतची डोकी

सावळाराम सरपंचाला एकच घोर होता. थोरला सार्थक तिशीला टेकला, तरी त्याचं लग्न जमेना. पोरगा निर्व्यसनी, जमीन बक्कळ, पण कोंडेशेतला पक्का रस्ता नाही. पोरीवाले अंबाडीच्या नाक्यावर उतरायचे, पुढचा चिखल बघायचे आणि वडापाव खाऊन परत फिरायचे. "आमची पोर काय बेडूक हाय का चिखलात सोडायला?" असं एक जण तोंडावर बोलला. तेव्हापासून सरपंचाला अन्न गोड लागत नव्हतं.

अशात तालुक्याहून खबर आली. पाचशेच्या वर डोकी असतील त्याच गावाला डांबरी रस्ता, मागोमाग एसटी. कोंडेशेतात ओढूनताणून चारशे डोकी! सरपंचानं बायकोला फर्मावलं, "सीते, तुझं माहेर बोलव. सगळंच्या सगळं."

मोजणीच्या दिवशी गाव जत्रेसारखं फुललं. मानकोलीचे मेहुणे आले, अकलोलीच्या मावश्या आल्या, घराघरात पाव्हणेच पाव्हणे. बोकड पडले. मेहुण्यांनी असा आडवा हात मारला की जणू जन्माचे उपाशी. पण मोजणारा साहेब काही येईना. येणार कसा? रस्ता होता कुठं! त्याची जीप वाटेतच रुतली. तो दुसऱ्या दिवशी दुपारी चपला हातात घेऊन पोचला, तोवर पाव्हणे ढेकर देत आपापल्या गावी गेले होते. साहेबाला मिळाले तेच चारशे, आणि हाडं चघळणारी कुत्री.

साहेब भला होता. म्हणाला, "सरपंच, ओहोळापलीकडं, अंबाडीच्या बाजूला बौद्धांची वस्ती आहे ना? ती तुमच्यात धरली की झालं काम."

सरपंच ताडकन उठला. "ती आमच्यात न्हाय. कधीच नव्हती. येगळं गाव म्हणून लिवा."

का, तर वस्ती धरली की नळाच्या पाण्यात वाटेकरी, होळीच्या मानात वाटेकरी. आजोबा-पणजोबांपासून गावानं एवढी एकच शिस्त काटेकोर पाळली होती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हा! साहेबानं कपाळावर हात मारला आणि सांगितलं तसं लिहून घेतलं.

आता वस्तीत काय होतं? गोदामात सुपरवायझर असलेल्या पंढरीनाथनं घरामागं खोल्या बांधल्या होत्या. त्याचं बघून इतरांनीही बांधल्या. अंबाडीकडच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी बिऱ्हाडं तिथं भाड्यानं राहत. पोरंबाळं धरून वस्ती पाचशेच्या पार गेली. रस्ता अंबाडीहून निघाला, वस्तीत आला आणि थांबला. एसटीही तिथूनच वळायला लागली. ओहोळापलीकडं कोंडेशेत चिखलात होतं तसंच राहिलं.

मग वाडा गावाहून एक स्थळ चालून आलं. मुलीचे वडील रामनाथशेठ एसटीनं आले. वस्तीतल्या थांब्यावर उतरून त्यांनी नवाकोरा रस्ता बघितला, खूश झाले. सरपंच धोतर सावरत ओहोळ ओलांडून धावतच आला. त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडं बघत शेठ म्हणाले, "तुमचं घर पलीकडं हाय व्हय?"

"पलीकडं-अलीकडं काय, शेठ! सगळं एकच गाव हाय." सरपंचाच्या तोंडून हे वाक्य उभ्या आयुष्यात पहिल्यांदा निघालं. थांब्यावर पंढरीनाथ ड्युटीला जायला उभा होता. सरपंच त्याच्याकडं वळला. "सांग ना रे, पंढऱ्या." पंढरीनाथनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. शेठ दोघांकडं बघत होते. सरपंचानं घाम पुसला, हात जोडल्यासारखे केले. "सांगा ना, पंढरीनाथराव. एकच हाय ना आपलं गाव?"

पंढरीनाथनं सावकाश पिशवी खांद्याला लावली.

"एक असतं तर गाडी तुमच्या दारात उभी ऱ्हायली असती, सरपंच."

तो एसटीत चढला. त्याच्यामागून रामनाथशेठही चढले.