शिवकन्या मोटर भरते

ग्यानबाच्या तोंडाला कुलूप नाही, हे गोरेगावात शेंबडं पोरगंही सांगेल. एस्टीत बसला तर हिंगोली येईस्तोवर कंडक्टरच्या सासरचं गणगोत काढणारा माणूस. त्यात खिशात मोबाईल. तो वाजला नाही तर हाच कुणाला तरी लावणार. अशा माणसावर त्या दिवशी गप बसायची पाळी आली.

झालं असं, की विहिरीतली मोटर जळाली. गहू पोटरीला आलेला, रान भेगाळलेलं. उद्या पाणी मिळालं तर मिळालं, नाहीतर दाणा पोचट. म्हणून सकाळीच मोटर घेऊन तो वैजनाथच्या दुकानात आला. वैजनाथ मोटारी विहिरीतून काढतो, सोडतो. त्या भरते, म्हणजे त्यांत नवी वायर घालते, त्याची बायको, शिवकन्या. मोटरीचा पोकळ लोखंडी गाभा मांडीशी धरून ती त्याच्या खाचांतून वायर ओवायची, हातानं, एकेक वेढा. दर खाचेत बेचाळीस. वेढे चुकले की मोटर तापणार अन् पुन्हा जळणार.

"राम राम, पोरी!"

शिवकन्येनं मान वर केली नाही. नुसते ओठ हलत होते.

लोक म्हणतात ते खरंच, माजलीय ही, ग्यानबाच्या मनात आलं. बाकड्यावर बसून त्यानं जावयाला फोन लावला, मग व्याह्याला. तरी राहवेना. "किती झाले गं?"

"सव्वीस..." ती बोलली अन् थांबली. सव्वीस की सत्तावीस? तिनं डोळे मिटले, उघडले. मग मुकाट्यानं त्या खाचेतली सगळी वायर ओढून काढली अन् कोपऱ्यात टाकली.

"आगं, फेकली काहून?"

"एकदा ओढलेल्या वायरीची साल घासती, मामा. पुन्हा घालता येत न्हाई." आवाजात राग नव्हता, तेच ग्यानबाला झोंबलं. "आता रीळ बराबर पुरंल इतकंच हाय. आणखी चुकलं तर उद्या हिंगोलीहून आणावं लागंल."

उद्या! म्हणजे गव्हाला पाणी परवा! त्यानं मोबाईल बंद केला.

बाहेर आठवडी बाजार भरलेला. भोंग्यावर कांद्याचा भाव, जीपवाल्यांचं "सेनगाव, सेनगाव!", मधेच दोघांची जुंपली अन् अर्धा बाजार तिकडं पळाला. शिवकन्येची पापणी हलली नाही. वायर आत जाई, ओठ हलत, वायर बाहेर येई. अरे बापरे, ग्यानबाला वाटलं, एवढ्या कालव्यात ही बाई आहे तरी कुठं? औंढ्याला नागनाथापुढं हात जोडले तरी आपलं चित्त बाहेर काढलेल्या चपलांपाशी, अन् हिचं भर बाजारात असं! गिऱ्हाईक आलं की तोच हातानं "बसा, बोलू नका" म्हणून खुणावू लागला.

दुपार कलली. शेवटची खाच आली. रिळावर थोडीच वायर उरली होती, अन् तेवढ्यात तिची तीन वर्षांची लेक प्रतीक्षा ओट्यावरून पडली. किंचाळलीच.

आई ती आईच. शिवकन्या धडपडत गेली, लेकराला उचललं, गुडघा पुसला, उराशी धरलं. परत येऊन गाभ्यापुढं बसली अन् तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेला, मामा. आकडा गेला."

खाचेत वायरी अशा दाटल्या होत्या की मोजायची सोय नव्हती.

"एकतीस," ग्यानबा म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तो तिच्यासंगं मोजत होता. कधीपासून, देव जाणे. लेकरू पडलं तेव्हा तोही उठणार होता, पण भरली घागर डोक्यावर असावी तसा आकडा धरून जागीच बसला होता.

"बराबर?" तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"बराबर. माझा गहू हाय त्याच्यावर."

तिनं वायर ओढली. "बत्तीस," या खेपेला मोठ्यानं.

"तेहतीस," दोघं म्हणाले.

दिवस मावळायच्या आत मोटर पाण्याच्या टाकीत सोडली. शिवकन्येनं बटण दाबलं. ग्यानबानं डोळे गच्च मिटले. मोटर घुमली, एका सुरात, न अडखळता. त्याला भरून आलं अन् त्यानं तिच्यापुढं हात जोडले.

"आवं मामा, हे काय करून राहिले?" ती लेकराच्या गुडघ्याला हळद लावत होती. तिचेही डोळे ओले होते. "सात वर्षं झाली, मोटारी भरून राहिले. बोलायला समदे येतात. संगं मोजणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं."