वरून खाली ओढायचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. लगेच खिडकीकडे काय बघता! मी फोनातला. काचेच्या वरच्या कडेला अंगठा टेकवून खाली ओढलं, की सरसर उतरतो ना, तो. माझ्या अंगावर आलेले निरोप, सकाळचा गजर, टॉर्चचं बटण, असा सगळा संसार.

माझ्या आधी निरोप आला, की तो आगाऊ पाहुण्यासारखा थेट काचेच्या मधोमध येऊन बसायचा. त्याला हाकलल्याशिवाय काम पुढे सरकायचंच नाही. मग आमच्या कंपनीतल्या एका बाईंनी कागदाची पट्टी घेतली, फोनवर वरून खाली सरकवली आणि म्हणाल्या, "हे सगळं इथे वर दडवलं तर?" झाला माझा जन्म! लोक काही काम नसताना मला ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. गुदगुल्या व्हायच्या हो!

आणि एक दिवस बातमी आली, की समोरच्या कंपनीच्या फोनातही पडदा आलाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर लेकाचे! पण गंमत ऐका. काही वर्षांनी आमच्या फोनातली खालची बटणं एका सकाळी गायब. त्यांच्या जागी एक बारीक रेघ. अंगठा खालून वर सरकवायचा, की पहिल्या पानावर परत. ही युक्ती कोणाची? समोरच्यांची! आणि त्यांच्याही आधी तसलंच काहीतरी एका तिसऱ्या कंपनीकडे होतं, ती बिचारी कधीच बुडाली. म्हणजे दिवसभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडायची, आणि संध्याकाळी भिंतीवरून डोकावायचं, पलीकडे आज काय शिजतंय!

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली त्याचा मेव्हणा, आणि मेव्हण्याच्या खिशात समोरच्या कंपनीचा फोन. दोघांची रोज जुंपायची.

"भाऊजी, तुमच्या फोनात सगळं आमचंच चोरलेलं."

"हो का? मग तुझ्या फोनातला पडदा काय माझ्या सासऱ्यांनी शिवून दिला? त्या डबड्याला मी मेलो तरी हात लावणार नाही."

एकदा एका दवाखान्याच्या इमारतीत वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक आजोबा, दम्याचे. हे दोघे पळत वरच्या मजल्यावर गेले. तिथलं लिफ्टचं दार उघडलं, पण ते सोडलं की मिटायचं, म्हणून मेव्हण्याने ते दोन्ही हातांनी ताणून धरलं, आणि मालक लिफ्टच्या छपरावर उतरला. छपराला एक झाकण असतं. ते उघडलं, की आत हवा. पण काळोखात खिट्ट्या दिसेनात. टॉर्चसाठी त्याने मला खिशातून काढलं, आणि तेलकट हातातून मी सटकलो. भिंतीकडच्या फटीतून थेट तळाच्या खड्ड्यात. खळ्ळ!

काचेवर जाळं पसरलेलं. मी उताणा पडून वर बघत राहिलो. ताणलेल्या दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात, फटीतून मालकाचा चेहरा आणि हात तेवढे दिसत होते, आवाज सगळे ऐकू येत होते.

"अरे... कोणी आहे का?" आजोबा धापा टाकत होते.

"आहे, आजोबा! हळूहळू श्वास घ्या!" मालक झाकण चाचपत म्हणाला.

मेव्हणा ओरडला, "भाऊजी, माझा फोन घ्या! शर्टाच्या खिशातून!"

मालकाने हात वर करून तो ओढून घेतला आणि झाकणापाशी वाकला. "कुलूप आहे याला!"

"माझं तोंड दाखवावं लागतं त्याला!"

"मी इथे वाकलोय, तुझं तोंड कुठून आणू? आणि असलं थोबाड बघून उघडणार कोण?"

आतून आता शब्द येईनात. नुसती घरघर.

मित्रांनो, तेव्हा मी जे बघितलं, त्याने आजही मी थक्क होतो. मालकाची नजर होती झाकणावर. फोनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याचा अंगठा आपणच काचेच्या वरच्या कडेला गेला आणि खाली आला. अगदी मला ओढायचा तस्सा! कुलूप होतं तसंच राहिलं, आणि त्याच्यावरून पडदा सरसर उतरला. टॉर्च लागला. तो काळाकुट्ट बोगदा वरपासून माझ्यापर्यंत उजळून निघाला. खिट्ट्या सटासट निघाल्या. झाकण उघडलं.

आतून एक लांबलचक श्वास आला.

"आली रे बाबांनो... हवा आली," आजोबा म्हणाले. "आता मला खाली सोडायचं तेवढं बघा. डॉक्टर वाट बघून घरी जातील."

मेव्हणा हसला की रडला, कोण जाणे. "भाऊजी, आमचा फोन चालवायला कधी शिकलात?"

"मी कुठे शिकलो रे," मालक म्हणाला. "अंगठाच गेला."

मी खड्ड्यात फुटून पडलो होतो, आणि वर उजेड पाडत होतो तोही मीच! ज्याला जन्मभर चोर म्हणालो, त्याच्या घरात मी केव्हाचाच राहायला गेलेलो, आणि मला पत्ताच नाही.

माझी वरची कड आता मेलीये. कितीही ओढा, मी उतरत नाही. मालक मला अवजारांच्या पेटीत ठेवतो, मधूनच फडक्याने पुसतो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तेलकट हाताने फोन धरू नका, आणि दुसऱ्याच्या हातातल्या फोनाला नावं ठेवू नका. काय सांगावं, तुमच्या अंगठ्याची त्याच्याशी तुमच्याआधीच ओळख झालेली असेल.