बारा तारीख

तेरा तारखेला सकाळी पावणेनऊला मी पुलाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, माझ्या सख्ख्या भावाची गाडी पकडली जावी म्हणून. हातात उगाच चार कागद होते. दुकानदाराने दोनदा विचारलं, "किती कॉपी?" मी म्हटलं, "थांबा हो, ठरवतेय." ठरवायचं काही नव्हतंच. वर्षभर डूख धरून बसले होते, आज सूड उगवायचा होता.

समोर रस्त्याच्या कडेला तपासणीचे साहेब छोटं मशीन घेऊन उभे होते. ते माझ्या ओळखीचे. बावीस वर्षं गाड्यांचे विमे उतरवते आहे, असली माणसं ओळखीची व्हायचीच. आदल्या दिवशी मीच त्यांना फोन केला होता. "पांढरी गाडी, अंड्यांचे ट्रे भरलेली. टॅक्सचं माहीत नाही, पण इन्शुरन्स आज संपतोय, हे लिहून देते."

गाडी ढब्बूची. ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आईने ठेवलेलं नाव, चाळिशी उलटली तरी सुटलं नाही. दुकानोदुकानी अंडी पोचवतो. तारीख, वेळ, पावती, कशाचंच त्याला सोयरसुतक नाही. ही गाडी घेतली त्या दिवशीच मी त्याला बजावलं होतं, "विमा बाराला संपतो. त्यानंतर गाडी एक इंच हलवायची नाही. विमा एजंटचा भाऊ विम्याशिवाय सापडला तर माझं नाक कापलं जाईल." अकरा वर्षं दर वर्षी हेच बजावत आले. बारा, बारा, बारा. माझ्या डायरीतही बाराच.

मागच्या वर्षी आई दवाखान्यात होती. मी रात्रंदिवस उशाशी, तरी बाराच्या आधी फोन करून त्याला आठवण करून दिली. तेराला सकाळी आई एकदम शुद्धीवर आल्यासारखी बोलली. म्हणाली, "मला घरी न्या. माझ्या खिडकीशी तासभर बसू दे, मग कुठेही न्या." मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स मागवते. तर म्हणे, "त्या गाडीत आडवं होऊन जातात. मला बसून जायचंय. ढब्बूच्या गाडीत, पुढच्या सीटवर."

मी फोन केला. ढब्बू म्हणाला, "ताई, इन्शुरन्स काल संपला ना. भरायचा राहिला. तूच म्हणतेस, हलवायची नाही. उद्या सकाळी पहिलं काम ते करतो आणि आईला नेतो."

दुसऱ्या दिवशी, मी दवाखान्यात म्हणून, तो कुठल्याशा दुसऱ्या एजंटच्या दारात रांगेत उभा होता, तेव्हा आई गेली.

एका कागदासाठी! सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, "तुझ्या आळसाने आईचं घर हुकलं. आजपासून मला भाऊ नाही." तो खाली मान घालून उभा राहिला, एका शब्दाने उलट बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला जास्तच झोंबलं. चोराला तोंड नसतं, असं मी भावजयीला ऐकवलंसुद्धा.

भावजय मात्र अधूनमधून चोरून फोन करायची. आदल्या दिवशीही बोलता बोलता म्हणाली, "वन्सं, यंदाही भरला नाही अजून. सांगितलं तर म्हणतात, बघू." मी मनात म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. आणि साहेबांचा नंबर लावला. गाडी जप्त व्हावी, भर रस्त्यात चार लोकांनी बघावं, आणि त्या वेळी ढब्बूला आई आठवावी, एवढंच मला हवं होतं.

नऊला गाडी आली. साहेबांनी हात केला. ढब्बू उतरला, कागद काढले. साहेबांनी नंबर मशीनमध्ये घातला, कागद पाहिले, पुन्हा मशीन पाहिलं. मग कागद परत दिले आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आले.

"मॅडम, टॅक्स भरलेला आहे. इन्शुरन्स वीस तारखेपर्यंत आहे. तुमच्यासारख्या जाणत्या बाईने अशी चुकीची माहिती द्यावी?"

"वीस? शक्यच नाही. बारा."

"कागद बघितला मी. मागच्या पॉलिसीची तारीखही त्यावर आहे, तीही वीसच."

आणि मग मला माझा धंदा आठवला. लोक शेवटच्या दिवशीसुद्धा जागे होत नाहीत, म्हणून मी कुणालाच खरी तारीख सांगत नाही. सगळ्यांना आठ दिवस आधीची सांगते, डायरीतही तीच लिहिते. ढब्बू सगळ्यांत विसराळू, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यालाही तसंच सांगितलं होतं. अकरा वर्षं बोलून बोलून माझी थाप मलाच खरी वाटायला लागली होती.

म्हणजे मागच्या वर्षी तेराला गाडी चालली असती. आईला नेता आलं असतं. ढब्बूने माझा शब्द पाळला होता.

हातातले कागद तिथेच टाकून मी रस्ता ओलांडला. ढब्बूने मला पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी नवा कागद हातात आला तेव्हा कळलं. एकवीसपासून सुरू होत होता."

"मग बोलला का नाहीस? वर्षभर माझ्या शिव्या खाल्ल्यास!"

"काय बोलणार, ताई? माझ्यावर राग काढत होतीस, तेवढ्यावर तुझं भागत होतं. हे कळलं असतं तर कुणावर काढला असतास?"

त्याने माझा दंड धरला, पुढचं दार उघडलं, सीटवरचा अंड्यांचा ट्रे उचलून मागे ठेवला आणि सीट रुमालाने पुसली.

"बस. घरी सोडतो."

मी त्या सीटकडे बघत राहिले.

"इथे नको, ढब्बू," मी म्हटलं. "मागे ट्रेंमध्ये कुठेतरी जागा कर."